अजिंठ्याच्या प्रती : गिलच्या कॅनव्हासपासून आजच्या पिक्सेलपर्यंत

अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती तीन वेळा जळाल्या. पहिल्यांदा १८६६ साली लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, दुसऱ्यांदा १८८५ साली लंडनच्याच साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात आणि तिसऱ्यांदा १९२३ साली टोकियोत, भूकंपामागोमाग लागलेल्या आगीत. मूळ चित्रे मात्र वाघूर नदीच्या वळणावर, आपल्या जागी, अंधारात राहिली. पण म्हणून ती शाबूत आहेत असे नव्हे. गिलाव्याचे पोपडे पडले, ओल आली, वटवाघळांनी नासधूस केली, आणि माणसांनीही हातभार लावला. पडलेला तुकडा काही परत येत नाही. त्या जागी काय होते हे विचारायचे तर जुन्या प्रतीकडेच जावे लागते, आणि ती प्रत जळालेली असली तर विचारणेच संपते.

आज आपल्याकडे चौथ्या पिढीची प्रत आहे, ती म्हणजे डिजिटल प्रत. मोबाइलवर बोटांनी मोठी करून पाहता येते, त्यामुळे ती आपल्याला फुकटची आणि सोपी वाटते. या लेखात तीन साधे प्रश्न घेतो. ही प्रत आधीच्या प्रतींपेक्षा वेगळी कशात आहे? तिच्यामुळे चित्रांचा अभ्यास कुठे पुढे सरकतो? आणि हीसुद्धा जळू शकते का?

हैदराबादच्या मराठी मंडळाने अजिंठ्याबद्दल का बोलावे, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. अजिंठा निजामाच्या मुलखात होता, आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात जाईपर्यंत हैदराबाद राज्यातच होता. या चित्रांची निगा, दुरुस्ती आणि छपाई यांचा मोठा भाग इथून, हैदराबादेतून झाला. पब्लिक गार्डनमधल्या जुन्या राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या प्रतींचे दालन आहे ते त्यामुळेच. त्याकडे आपण शेवटी येऊ.

हाताने काढलेल्या प्रती

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा अधिकारी शिकारीच्या नादात या दरीत आला आणि लेणे क्रमांक १० मध्ये शिरून त्याने एका खांबावर आपले नाव व तारीख कोरली. ते नाव आज आपल्या डोक्याच्या वर दिसते, कारण तो उभा होता तो मातीच्या ढिगावर. चित्राच्या अंगावरच कोरलेली ही तारीख म्हणजे नव्या काळातली अजिंठ्याची पहिली नोंद. नोंद झाली आणि चित्राची हानीही, एकाच चाकूने.

पुढे १८४४ साली मद्रास सैन्यातल्या रॉबर्ट गिलची प्रती काढण्यासाठी नेमणूक झाली. गिल आणि पारो यांची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे, नाट्य-चित्रपट-काव्यातून ती आपल्यापर्यंत आली. पण गिलचे काम त्या गोष्टीइतके कोणाला ठाऊक नसते. वीसएक वर्षे तो तिथे खपला आणि मोठमोठे तैलरंगातले कॅनव्हास विलायतेला पाठवत राहिला. त्यातले बहुतेक १८६६ च्या डिसेंबरात क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेले.

याच गिलने कॅमेराही हाताळला होता. लेण्यांचे त्याने स्टिरिओ फोटो काढले, म्हणजे दोन डोळ्यांच्या अंतराएवढे सरकून घेतलेल्या फोटोंची जोडी. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह ते पुस्तकरूपात आले. दोन जागांवरून घेतलेल्या दोन फोटोंतून खोली मिळते, हे तत्त्व लक्षात ठेवा. आजच्या त्रिमिती नोंदणीचा पाया तोच आहे.

गिलच्या प्रती गेल्यावर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला जात राहिले. पेस्तनजी बोमनजी हे त्यातले गाजलेले नाव. पण लेण्यात बसून ब्रश चालवणारे कितीतरी हात याच शाळेतल्या एतद्देशीय मुलांचे होते, आणि पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव आले ते ग्रिफिथ्स यांचे. त्यांच्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. उरलेल्या आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. रंग उठून दिसावेत म्हणून या काळात मूळ चित्रांवर व्हार्निशही लावले गेले. प्रत चांगली व्हावी म्हणून मूळ बिघडवायचे, असा हा उफराटा प्रकार.

१९०९ ते १९११ या दोन हिवाळ्यांत क्रिस्टियाना हेरिंगहॅम आल्या. त्यांच्याबरोबर कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार ही तरुण मंडळी होती आणि हैदराबादेतून सय्यद अहमद व मोहम्मद फजलुद्दीन होते. १९१७-१८ च्या सुमारास जपानचे अराई काम्पो येऊन प्रती काढून गेले. टोकियोत जळाल्या त्या याच.

मधल्या काळात, १९१४ साली, हैदराबाद संस्थानाने स्वतःचे पुरातत्त्व खाते काढले आणि गुलाम याजदानी त्याचे प्रमुख झाले. १९२० ते १९२२ या काळात लोरेन्झो चेकोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावून सुटलेला गिलावा पक्का करून घेतला. त्यांनी काही ठिकाणी शेलॅक वापरले. शेलॅक म्हणजे आपल्या लाखेपासून होणारे रोगण. तेव्हा ती उत्तम पद्धत समजली जात होती. काळाच्या ओघात ते पिवळे-तपकिरी पडले, आणि चित्रावर जणू चहाचे पाणी ओतल्यासारखी छटा आली.

याजदानींचा ‘अजंता’ हा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत निघाला. त्याच्या नावातच एक दावा आहे, की यातली रंगीत आणि एकरंगी चित्रे फोटोग्राफीवर आधारलेली आहेत. म्हणजे ‘हाताने काढलेली नाहीत, म्हणून विश्वास ठेवा.’ प्रतीच्या इतिहासातले हे मोठे वळण मला वाटते. आतापर्यंत चित्रकाराचा हात प्रामाणिक आहे का, हे बघायचे होते. आता यंत्राचे डोळे प्रामाणिक आहेत का, हा प्रश्न सुरू झाला.

पुलकेशीच्या दरबाराचे काय झाले?

प्रतीचा आणि इतिहासाचा संबंध किती घट्ट असतो, याचे उदाहरण आपल्यापैकी कित्येकांनी शाळेत पाठ केले आहे. लेणे क्रमांक १ मध्ये दरवाजाच्या भिंतीवर एक दरबार रंगवला आहे. टोप्या घातलेले, दाढीवाले परदेशी लोक राजाला नजराणा देत आहेत. १८७९ साली फर्ग्युसनने लेख लिहून मांडले की हा इराणच्या दुसऱ्या खुश्रूचा वकील आहे आणि राजा म्हणजे चालुक्यांचा दुसरा पुलकेशी. खुश्रू आणि एका भारतीय राजामध्ये झालेल्या देवाणघेवाणीचा उल्लेख इतिहासकार तबरीने केला होता, त्यामुळे जोड छान बसली. ग्रिफिथ्सची मंडळी लेण्यांत काम करत होती आणि प्रती लंडनला पोचत होत्या, तोच हा काळ. दरबाराचा प्रसंग स्वतंत्र चौकटीत पाहिला गेला, स्वतंत्र चित्र म्हणून छापला गेला, आणि पाठ्यपुस्तकांत शिरला.

अडचण अशी, की लेणे क्रमांक १ वाकाटक हरिषेणाच्या काळातले, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. पुलकेशी गादीवर आला इसवी सन ६१० च्या सुमारास. दीडशे वर्षांनी होणाऱ्या वकिलातीचे चित्र आधीच कोण काढील?

जर्मन अभ्यासक डीटर श्लिंगलॉफ यांनी वेगळी वाट धरली. एकेका सुट्या प्रसंगाकडे न बघता त्यांनी भिंतीवरच्या आकृत्यांची रेखाटने करून सगळा पसारा एकत्र मांडला आणि बौद्ध ग्रंथांतल्या कथांशी ताडून पाहिला. दरबाराचा तो प्रसंग भिंतीवरच्या मोठ्या कथेचा एक भाग आहे, आणि ती कथा महासुदर्शन या चक्रवर्ती राजाची, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माची आहे, असे त्यांनी दाखवले. राजा चक्रवर्ती म्हटल्यावर दूरदेशींचे लोक नजराणे घेऊन येणारच. टोपीवाले परदेशी व्यापारी त्या काळच्या चित्रकारांनी बघितलेले होते, म्हणून ते इतके अस्सल उतरले.

यातला धडा असा, की चौकट जिथे कापली तिथेच अर्थ कापला गेला. प्रत काढणारा लबाड नव्हता. कॅनव्हासची लांबी-रुंदीच तेवढी होती.

सगळी भिंत एकदम

आता डिजिटलकडे येऊ. ज्यांनी लेणे क्रमांक १ किंवा १७ पाहिले आहे त्यांना आठवेल, की मधल्या दालनाभोवती खांबांची रांग आहे आणि खांब व भिंत यांच्यामध्ये अरुंद पडवी आहे. चित्रे त्या भिंतीवर. मागे सरकून पूर्ण भिंत बघावी म्हटले तर खांब आड येतो, पुढे गेले तर हातभर तुकडाच दिसतो. कोणत्याही कॅमेऱ्याने एका फोटोत ती भिंत घेता येत नाही.

इथे गिलच्या स्टिरिओ जोडीचे नातवंड कामाला येते, त्याचे नाव फोटोग्रॅमेट्री. भिंतीसमोरून सरकत, एकमेकांवर चढणारे शेकडो फोटो घ्यायचे. प्रत्येक बिंदू निदान दोन-तीन फोटोंत आला पाहिजे. संगणक समान खुणा शोधून प्रत्येक फोटो कुठून घेतला हे काढतो, भिंतीचा त्रिमिती आकार बांधतो आणि मग त्यावर फोटो नकाशासारखा सपाट पसरतो. त्यात तिरपेपणा राहत नाही, मापे घेता येतात.

थोडे गणित करू. सहा मीटर लांब आणि तीन मीटर उंच भिंत धरा. मिलिमीटरच्या दहाव्या भागाला एक पिक्सेल हवा असेल तर ६०,००० गुणिले ३०,००० म्हणजे १८० कोटी पिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे ६,००० गुणिले ४,००० पिक्सेलचा कॅमेरा एका फोटोत ६० सेंटिमीटर बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा टिपेल. दोन्ही दिशांना ६० टक्के एकमेकांवर चढ ठेवायचा तर दर फोटोला २४ आणि १६ सेंटिमीटरच सरकायचे, म्हणजे एका भिंतीला पाचशेच्या घरात फोटो. काम किचकट आहे, पण जादू नाही. गवंड्याने दगड जुळवावे तसेच आहे.

हे झाले की श्लिंगलॉफ यांनी रेखाटनांनी वर्षानुवर्षे जे केले ते घरबसल्या विद्यार्थ्याला करता येते. एकाच भिंतीवर तोच राजा किती ठिकाणी आला, महालाचे खांब कुठे सुरू होऊन कुठे संपतात, जंगलातले सगळे प्रसंग एकीकडे आणि राजवाड्यातले दुसरीकडे कसे आहेत, हे ताडता येते. अजिंठ्याच्या बऱ्याच भिंतींवर कथा काळाच्या क्रमाने न जाता स्थळाच्या क्रमाने मांडली आहे, असे अभ्यासक सांगतात. सुटा फोटो पाहून हे कधीच कळणार नाही.

प्रकाश बदलून बघणे

चित्र दिसते ते प्रकाशामुळे. पिवळ्या दिव्याखाली अजिंठ्याचा निळा आणि हिरवा एकमेकांत मिसळून जातात. बिनॉय बहल यांनी फ्लॅशशिवाय, मंद उजेडात दीर्घ एक्स्पोजर देऊन फोटो काढले, आणि १९९८ साली त्यांचे पुस्तक आल्यावर अनेकांनी अजिंठ्याचे खरे रंग पहिल्यांदा पाहिले. चित्रे तीच होती, प्रकाशाची शिस्त बदलली होती.

याच शिस्तीच्या पुढच्या पायऱ्या तंत्रज्ञानाने दिल्या आहेत. इन्फ्रारेड प्रकाशात काजळीची रेषा काळीच राहते, पण पिवळे पडलेले रोगण जवळजवळ पारदर्शक होते. गेरू, पिवळी माती, हिरवी माती आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द हा निळा दगड, हे रंग वेगवेगळ्या लहरींना वेगवेगळा प्रतिसाद देतात. म्हणून एकाच जागेचे अनेक लहरींत फोटो घेतले की कुठे कोणता रंग असावा याचा अंदाज भिंतीला हात न लावता बांधता येतो. अतिनील प्रकाशात शेलॅक नारिंगी चमकते. चेकोनींचा ब्रश कुठवर फिरला, याचा माग त्यातून लागू शकतो.

आणखी एक पद्धत आहे, आरटीआय. माहितीचा अधिकार नव्हे हो, रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग! कॅमेरा स्थिर ठेवून दिवा वेगवेगळ्या दिशांना धरून पन्नासएक फोटो घेतात. मग पडद्यावर आपण माउसने ‘दिवा’ फिरवायचा. तिरप्या उजेडात गिलाव्याचा उंचवटा, ब्रशचा जाड थर, कोणी नखाने ओरबाडलेली नावे, सगळे उठून येते. जॉन स्मिथच्या अक्षरांसारख्या ओरखड्यांसाठी हे उत्तम साधन.

आणि ज्याच्याकडे यातले काहीच नाही त्याच्यासाठी डी-स्ट्रेच आहे. जॉन हार्मन यांनी गुहाचित्रांसाठी बनवलेले हे साधन साध्या फोटोतले अगदी फिकट रंगभेद ताणून मोठे करते. मूळ कल्पना उपग्रहांच्या चित्रांवरच्या कामातली. भिंतीवर डोळ्याला नुसता डाग दिसतो, तिथे कधीकधी बोटे किंवा मुकुट उगवतो. पण पडद्यावरचे जांभळे-हिरवे रंग खरे नसतात, ते फक्त फरक दाखवतात. तो फोटो ‘मूळ रंग’ म्हणून पुढे पाठवणे म्हणजे नव्या काळातले व्हार्निशच.

हीच खबरदारी डिजिटल पुनर्रचनेबाबतही हवी. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर अशा पुनर्रचनेचे दीर्घकाळ काम केले आहे, आणि सामान्य माणसाला चित्र ‘पूर्ण’ दिसण्याचा आनंद मोठा असतो. अभ्यासकाला मात्र भरलेला भाग आणि उरलेला भाग वेगळे करून बघता आले पाहिजेत. कागदावर हे अवघड होते. संगणकात दोन थर वेगळे ठेवणे अगदी सोपे आहे, फक्त ठेवायचे ठरवले पाहिजे.

पाहणे आणि अनुभवणे

डिजिटल प्रत पाहून लेण्याचा अनुभव मिळतो का? माझे उत्तर : एक मिळतो, एक जातो. सगळी भिंत सपाट, उजळ, एका नजरेत पाहणे हा अनुभव ती चित्रे काढणाऱ्यालाही मिळाला नव्हता. उलट अनवाणी, पडवीतून सरकत, दिव्याच्या उजेडात एकेक प्रसंग पुढे येणे हा जो मूळ अनुभव, तो पडद्यावर हरवतो. त्रिमिती मॉडेलमध्ये ‘चालून’ तो थोडाफार परत आणता येतो, थंड दगडाचा वास सोडून.

तरीही अनुभवाच्या बाजूनेही प्रतीची गरज आहे, कारण श्वास आणि घामाची वाफ चित्रांना मारक असते. फ्रान्समधले लास्को १९६३ साली लोकांसाठी बंद करावे लागले आणि १९८३ साली शेजारी हुबेहूब प्रतिकृती उभी राहिली. चीनमध्ये दुनह्वांगच्या लेण्यांत प्रवासी आधी केंद्रात चित्रफीत पाहतो, मग मोजक्या लेण्यांत जातो. २०१६ साली तिथल्या तीस लेण्यांची डिजिटल चित्रे जगासाठी खुली झाली. आपल्याकडेही फर्दापूरजवळच्या पर्यटक केंद्रात लेणे क्रमांक १, २, १६ आणि १७ यांच्या प्रतिकृती बांधल्या गेल्या. प्रतिकृती बघून माणूस मूळ बघायचे सोडतो, ही भीती मला खरी वाटत नाही. घरी तासभर भिंत बघून गेलेला माणूस लेण्यातल्या दहा मिनिटांत जास्त बघतो.

डिजिटल प्रतही जळते

आता शेवटचा प्रश्न. डिजिटल प्रतीला आग लागत नाही, पण ती नष्ट होते. हार्ड डिस्क बंद पडते, सीडी वाचणारे यंत्र घरात उरत नाही, व्हॉट्सअ‍ॅपवरून गेलेला फोटो दाबून लहान होतो, संकेतस्थळ बंद पडते. आणि त्याहून वाईट म्हणजे फोटो राहतो आणि तो कधीचा, कुठल्या भिंतीचा, कुठल्या उजेडातला हे कोणालाच ठाऊक नसते.

आयुष्यभर मी कारखान्यात ड्रॉइंगे वाचली. ड्रॉइंगच्या खालच्या कोपऱ्यात स्केल, तारीख आणि दुरुस्तीचा क्रमांक नसेल तर ते कोणी हातात धरत नाही, मग रेषा कितीही सुबक असो. चित्राच्या डिजिटल प्रतीलाही हाच नियम लावावा. फोटोत एकदा रंगपट्टी ठेवावी, चोवीस चौकोनांची मिळते. शेजारी मोजपट्टी. कॅमेऱ्याची कच्ची फाइल जपावी, सुधारलेली वेगळी. नोंदीत लेणे किंवा वास्तू, भिंत, तारीख, दिवा, आणि नंतर काय बदल केला ते. तीन जागी प्रत, त्यातली एक दुसऱ्या गावात. एवढे असले की पन्नास वर्षांनी कोणीतरी आपली प्रत तपासू शकेल, चुकीची ठरवू शकेल. गिल, ग्रिफिथ्स, याजदानी यांच्या प्रतींवर आपण विश्वास ठेवायचा की नाही एवढेच ठरवू शकतो. डिजिटल प्रत नीट केली तर ती तपासता येते, हा तिच्यातला मोठा फरक.

म्हणूनच पब्लिक गार्डनमधल्या त्या दालनाकडे मी मंडळाचे लक्ष वेधू इच्छितो. हैदराबादी चित्रकारांच्या त्या प्रती आता नुसत्या प्रती नाहीत. त्या काढल्या तेव्हा भिंतीवर जे होते त्याची ती साक्ष आहे. त्यांचे रीतसर, रंगपट्टीसह फोटो झाले, लंडनमधल्या ग्रिफिथ्सच्या प्रतींची चित्रे आणि आजच्या भिंतीचा सपाट नकाशा यांच्यावर ते एकाआड एक ठेवले, तर तीन तारखांची तीच भिंत समोर येईल. कुठला तुकडा कोणत्या काळात पडला, चित्रकाराने मनाने काय भरले, कुठला रंग फिका झाला, हे दिसेल. वेगवेगळ्या संग्रहालयांतली चित्रे एकाच पडद्यावर शेजारी आणण्यासाठी ट्रिपल आय एफ नावाची सामाईक पद्धत आहेच. अडचण तंत्रज्ञानाची नाही, परवानगी मागण्याची आणि नोंदी नीट करण्याची आहे.

आपल्यापैकी कोणाला परदेशी भाषा येतात, कोणाला कॅमेरा, कोणाला कागदपत्रे धुंडाळण्याची सवय. सुरुवात अजिंठ्यापासूनच करायला हवी असेही नाही. आपल्या जुन्या देवड्यांत, मठांत, देवळांच्या सभामंडपांत रंगवलेल्या भिंती आहेत, आणि दर पावसाळ्यात त्यांचा थोडा चुना गळतो. त्यांना ना गिल मिळाला ना याजदानी. येत्या दिवाळीच्या रंगकामाआधी निदान एका भिंतीचे पाचशे फोटो, रंगपट्टी आणि तारखेसह, मंडळाच्या संग्रहात जमा व्हावेत.